दारावरून पुढं गेलेलं पीठ

माझ्या थोरल्या दिरानं मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवील अशा माणसानं जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अजून पाय ठेवायचाय. त्यानं मला पिठात फसवलं, आणि तो सौदा माझ्याच तोंडून कबूल करून घेतला. तो आता हयात नाही. पण त्या सौद्यात त्याच्या मागं गाव होतं की तो एकटाच होता, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला खाणावळीच्या गमतीजमती लिहायला सांगितल्यात. त्याही लिहिते. पण ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना वाढलं तिच्या मनात गमतीच असतील असं समजू नये.

आधी पिठाचं सांगते, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटेल की बाई पायलीभर पिठासाठी रडतेय. आमचं गाव कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. चैत्रात गावात सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की गावजेवण. आमटी, वांग्याची भाजी आणि बुंदी देवळामागच्या चुलवणावर गावातले बाप्ये करायचे. पोळ्या मात्र देवळात होत नसत. वर्गणीचा गहू दळून आणायचा आणि काल्याच्या सकाळी ते पीठ गाडीवर घालून घरोघर वाटत जायचं. "पीठ घ्या हो!" अशी हाळी आली की बाई परात घेऊन दारात. आपल्या वाट्याच्या पिठाच्या पोळ्या करायच्या, टोपलीत घालून फडक्यानं झाकायच्या आणि डोक्यावरून देवळात न्यायच्या. तिथं एक धुतलेलं धोतर अंथरलेलं असे. त्यावर सगळ्या घरांच्या पोळ्या ओतायच्या. कुणाची जाड, कुणाची करपलेली, कुणाची कागदासारखी. एकदा ढीग झाला की कुणाची पोळी कुणाच्या पानात पडली हे देवालाही सांगता यायचं नाही. सातबाऱ्यावर नाव असो नसो, गावात आपलं घर आहे म्हणजे काय, तर त्या दिवशी आपल्या दारात पीठ येतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या परातीत ते पीठ पडलं तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या होत्या, "आता तू गावाची झालीस. तव्हर नुस्ती माझी सून व्हती."

शेत कोरडवाहू होतं, दोघा भावांना पुरणारं नव्हतं. थोरल्यानं शेती बघायची आणि धाकट्यानं, म्हणजे आमच्या मालकांनी, बाहेर पडायचं असं ठरलं. एक्क्याऐंशी साली आम्ही जालन्यात आलो. जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. मालक डाळीच्या मिलमध्ये लागले आणि मस्तगडला एका बोळात दोन खोल्या मिळाल्या. मालकांबरोबर मिलमधली दोन-तीन बिनबायकोची माणसं जेवायला येऊ लागली. मग त्यांनी आणखी आणली. एक दिवस मी बाहेरच्या खोलीत पट्ट्या अंथरल्या आणि खाणावळ सुरू झाली. पाटी कधी लावली नाही. डाळीच्या फोडणीचा वास बोळाच्या तोंडापर्यंत जायचा, तीच पाटी.

खाणावळीचा धंदा लोकांना स्वयंपाकाचा वाटतो. तो अंदाजाचा आहे. आज किती जण येतील आणि त्यातले किती दुपारी उपाशी राहिलेले असतील, हे पीठ मळतानाच कळावं लागतं. भाजी मी संध्याकाळी उतरत्या बाजारात घ्यायची. पाटीभर वांग्यांना मी एक भाव सांगायची आणि तिथून हलायची नाही. एक भाजीवाला हात जोडायचा. "बाई, तुम्ही येऊन गेल्या की मला घरी बायकोला तोंड दाखवू वाटत न्हाई." मी म्हणायची, "तिला माझ्याकडं पाठव, तुझा भाव मी तिला शिकवते."

आणि ऐन वेळी चार माणसं जास्त आली तर येसर. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मिरची आणि खडा मसाला वेगवेगळं भाजून कुटलेली कोरडी पूड म्हणजे येसर. पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी दाट होते आणि तिला लग्नघराचा वास येतो. भाजण्यात सगळं कसब आहे. शेजारच्या रजियाबी शिवणकाम करायच्या आणि दुपारी मशीन बंद करून माझ्याबरोबर उखळाशी बसायच्या. एक मुसळ त्यांचं, एक माझं. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा आला की भांडं मी धुऊन परत देत नसे, त्यात पुरणाची पोळी घालून देत असे.

माझ्या खाणावळीत दोन कायदे होते. पहिला, सगळ्यांना एकच जेवण. एक गुरुजी जेवायला यायचे, घर परतूरकडं, इथं एकटे. ते खिशातून डबी काढून मांडीआड तूप ओतून घ्यायचे. मी पाहिलं आणि डोकं तापलं, पण दुसरा कायदा आडवा आला. जेवणाऱ्याशी भांडायचं ते त्यानं हात धुतल्यावर. ताटावरून माणूस उठला तर ते अन्न आपल्याला बाधतं, असं माझी आई सांगायची. म्हणून मी मोरीपाशी उभी राहिले. गुरुजींनी हात धुतले, चूळ भरली, आणि मग मी सुरू झाले.

"गुरुजी, इथं एकट्यानं तूप खायचं न्हाई. खायचं तर पंगतीला वाढा."

"अहो बाई, माझं स्वतःचं आहे."

"मंग स्वतःच्या खोलीवर खा, दार लावून."

गुरुजी रागानं गेले. पुढचे काही दिवस कुठल्याशा हॉटेलात जेवले. मग एका दुपारी आले ते मोठा डबा घेऊन. "वाढा सगळ्यांना," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता पट्टीवर बसले. त्या दिवशी मिलमधल्या हमालांनी तूप-भात खाल्ला. पुढं गुरुजींची बदली होईपर्यंत महिन्यातून एकदा तो डबा यायचा.

हे सांगायचं कारण असं की, मी अन्न विकत होते हे खरं, पण पंगतीचा धर्म मी बोळातही सोडला नव्हता.

आता दीर. त्यांना मी दादा म्हणायची. आमच्यात भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. मध्ये तिसरं माणूस लागतं आणि त्याच्या नावानं बोलायचं. दादा कचेरीच्या कामाला जालन्यात आले की जेवायला माझ्याकडं. बरोबर गावातली दोन माणसं असायचीच. "चला, आपलंच घर हाये," म्हणत आणायचे. वाटी चाटूनपुसून खायचे. मला कधी जड वाटलं नाही. सासरचं माणूस दारात येतं ते भूषणच होतं.

सप्ताहाला मी दरवर्षी गावी जायची. एसटीनं घनसावंगी, पुढं जीपमध्ये लोंबकळत. आमच्या वाट्याची एक खोली होती तिथं, ती सारवायची, पीठ घ्यायचं, पोळ्या करायच्या. मालक म्हणायचे, ढिगातून तुझी पोळी मी ओळखतो. मी घडी घालताना कडेला अंगठा दाबते, ती खूण. पानात ती पडली नाही तर वाढणाऱ्याला म्हणायचे, "ही न्हाई, ती दे, तिकडची." लोक हसायचे.

खाणावळ वाढली तशी माझी ओढाताण होऊ लागली. इथं माणसं उपाशी ठेवून जाता यायचं नाही. अशातच घरातल्या एका लग्नात मी गावी असताना दादांनी ओसरीवरून विषय काढला. मी दाराच्या आत होते आणि आत्याबाई उंबऱ्यावर मिसरी लावत बसल्या होत्या.

"आई, धाकटीला म्हणावं, सप्त्याला जीपीत लोंबकळत येती, पोळ्या लाटती, सांजच्याला परत पळती. काहून येवढा तरास? तिच्या वाट्याचं पीठ आमच्याच घरी येऊ दे. सोजर लाटीन दोन्ही वाटे. तिनं फकस्त पंगतीला यावं." सोजरबाई म्हणजे माझी थोरली जाऊ.

मी आतून म्हटलं, "आत्याबाई, त्यांना इचारा, फुकटात का?"

"आई, घरच्यात फुकट अन् इकत आसतं का?"

"म्हणावं, मी कुणाचं फुकट घेत न्हाई. त्याच्या बदल्यात पंगतीच्या आमटीचं येसर दरसाल माझं."

आत्याबाई वैतागल्या. "आरं, सौदा तुम्ही करून राह्यले अन् मान माझी दुखून राह्यली."

"येसर? बराबर हाये. पसंत," दादा म्हणाले.

मोंढ्यात पहिल्याच भावाला समोरचा 'पसंत' म्हणाला तर पोतं उघडून आत हात घालून बघायचं असतं, हे मी चारचौघांना शिकवायची. घरात शिकवण आठवली नाही. उलट मी खूश झाले. पोळ्या लाटायची कटकट गेली आणि अख्ख्या गावाच्या आमटीत माझं येसर! परत येताना जीपमध्ये मालकांना म्हटलंसुद्धा, "काढला का न्हाई सौदा?" ते म्हणाले, "तुझी पोळी न्हाई लागायची आता पंगतीत." मी म्हटलं, "रोज खाता ना जालन्यात? तिथं कशाला पायजे?"

हे वाक्य मला परत घ्यायचंय. घेता येत नाही.

मग दरसाल चैत्राच्या तोंडावर मी आणि रजियाबी येसर कुटायचो. दादांचा मुलगा भगवान न्यायला यायचा. मिशा फुटलेला, संसाराला लागलेला, बोलायला गोड. "काकू, तुमच्या येसराबिगर आमची आमटी होत न्हाई," म्हणायचा. मी पंगतीला जायची, बसायची, जेवायची. शेजारचे म्हणायचे, "आमटी झाली बरं का!" मी गालात हसायची. मला वाटायचं, त्यांना माहीत आहे.

आत्याबाई गेल्या. नंतर मालकांना मिलच्या भुशानं खोकला धरला तो शेवटी घेऊनच गेला. त्यानंतरचा चैत्र आला तेव्हा मी ठरवलं, या वर्षी माझ्या वाट्याचं पीठ मी मागून घेणार आणि मालकांच्या नावानं पोळ्या करणार. एकदा तरी ढिगात अंगठ्याची खूण पडू दे. खाणावळीला सुटी दिली, गावी गेले, खोली सारवली, चूल पेटवली आणि परात घेऊन दारात बसले.

ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पिठाची पोती आणि वर भगवान उभा. "पीठ घ्या हो!" अलीकडच्या दारात पीठ पडलं. माझं दार आलं आणि ट्रॅक्टर पुढं गेला.

"भगवान! आरं, थांब की. माझा वाटा इथं टाक या वर्षी."

तो खाली उतरला. "काकू, तुमचं पीठ..."

"दादाच्या घरी जातंय ते माहीताय मला. दोन वाट्यांतला एक इथं टाक."

"दोन न्हाई जात, काकू. मी कव्हापासून वाटून राह्यलो. एकच जातो."

"अन् माझा?"

त्यानं ट्रॅक्टरवाल्याकडं बघितलं. "तुमच्या घराचं पीठच निघत न्हाई."

मी परात काखेत मारली आणि दादांच्या ओसरीवर गेले. भगवान मागोमाग आला. दादा खांबाला टेकून बसले होते. मध्ये बसायला आत्याबाई नव्हत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले.

"दादा, माझं पीठ कुठंय?"

आत सोजरबाईचं लाटणं थांबलं. दादांनी माझ्याकडं नाही, भगवानकडं तोंड केलं.

"भगवान, तुझ्या काकूला सांग, खाणावळवालीच्या हातची पोळी देवाच्या पंगतीला नको, असं गावात चाललं व्हतं. अन्न इकणारा हात म्हणत व्हते. मी तिच्या कानावर येऊ दिलं न्हाई. झाकलं. उपकार मानायचे सोडून परात घिऊन आली."

"कोण म्हणलं?"

"भगवान, म्हण तिला, नाव घिऊन काय करायचंय."

"मला नाव पायजे. अन् येसर? त्याला काय माझा हात लागला न्हाई?"

भगवान पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "काकू, येसर आम्ही दुकानातून आणलं म्हणून सांगतो."

म्हणजे माझा हात आमटीत चालत होता, फक्त तो माझा आहे हे कुणाला कळलेलं चालत नव्हतं.

त्या दुपारी पंगत बसली. मी कडेला उभी होते. पानापानात आमटी पडत होती आणि लोक भुरके मारत होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. "लोकहो, ही आमटी खाणावळवालीच्या येसराची आहे. खाणावळवालीच्या आणि तिच्या शेजारणीच्या." एवढंच. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळा मोंढा जाणतो. पण लोकांचे हात पानात होते. एकजण जरी उठला असता तर? खाणावळ चालवताना मी कुणाला ताटावरून उठवलं नाही, तर देवाच्या पंगतीत उठवू? म्हटलं, हात धुऊ देत.

हात धुतले. पण हात धुतलेली पंगत म्हणजे सुटलेली जत्रा. कुणी ट्रॉलीत चढला, कुणी पान खायला गेला, कर्ण्यावरून आभार सुरू झाले, दादा कीर्तनकार महाराजांना पोचवायला गाडीत बसून निघून गेले. मी कुणाशी भांडणार? कोरडी परात घेऊन जीपमध्ये बसले.

रजियाबींना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "तेरी रोटी नक्को, और मसाला चाट-चाट के खाए? क्या लोगां हैं बाई!" मग हसू लागल्या. मला हसू आलं नाही. मग थोडं आलं.

पुढच्या वर्षी भगवान येसर न्यायला आला. इतका निगरगट्टपणा मी मोंढ्यातही पाहिला नव्हता. मी डबा त्याच्या समोर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"पीठ घेऊन ये, येसर घेऊन जा."

"काकू, आता मी एकटा काय करू? दादा..."

"दादाला इचारून ये मंग."

तो आला नाही. त्या वर्षी आमटी बाजारच्या मसाल्याची झाली. लोक म्हणाले, आमटीची चव गेली. का गेली, ते कुणी विचारलं नाही.

काही वर्षांनी दादा वारले. तेराव्याला मी गेले. त्यांच्या नावाचं जेवण जेवले, हात धुतले, आणि मग सोजरबाईला आत नेऊन विचारलं, "जाऊबाई, खरं सांगा, गावात कोण म्हणत होतं?"

तिनं उलट मलाच विचारलं, "काय म्हणत व्हतं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मला तर त्यांनी सांगितल्तं, तुम्हीच नको म्हणल्या. शहरात गेल्या, आता गावाच्या पोळ्या लाटायला कमीपणा वाटतो म्हणून. सगळ्या गावाला तेच ठावं हाये. त्या दिवशी परात घिऊन आल्या तव्हा मला वाटलं, मालक गेले म्हणून मन पालटलं आसंल."

इतकी वर्षं मी पंगतीत शेजारणींकडं बघून हसत होते, आणि त्या मनात म्हणत होत्या, ही आयत्या पानावर बसणारी. मग खाणावळवालीच्या हाताची गोष्ट कुठून आली? गाव खरंच बोललं आणि दादांनी ते झाकायला खोटं सांगितलं? की गाव कधी बोललंच नाही, आणि ओसरीवर माझ्या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून त्यांनी ते तिथंच कुटलं? एक खरं असेल तर गावानं माझा अपमान केला. दुसरं खरं असेल तर ज्या गावावर मी इतकी वर्षं धुमसत राहिले त्यानं माझं काहीच केलेलं नाही. यातलं कुठलं दुखणं माझं, तेवढं तरी मला कळू द्या.

आता पीठ कुणाच्याच दारात येत नाही. गावजेवणाला कंत्राटदार असतो. त्याची माणसं देवळामागं कढईत पुऱ्या तळतात, टेबलं लागतात. पुऱ्या सगळ्या सारख्या, एकाच मापाच्या. त्यात अंगठा ओळखणारा कुणी नाही आणि अंगठा दाबणारीही नाही. माझ्या दारात आता पीठ आणून टाका म्हटलं तरी टाकणार कोण? मीही खाणावळ बंद केली. गुडघे बसू देत नाहीत. रजियाबी लेकीकडं गेल्या. उखळ बोळात पालथं पडलंय, पोरं त्यावर चढून पतंग काढतात.

भगवान, सप्ताहाचं सगळं आता तूच बघतोस असं ऐकते. हा अंक गावच्या वाचनालयात येतो, म्हणून तुलाच लिहिते. तू ट्रॉलीवर होतास. माझं दार आलं की ट्रॅक्टर पुढं घ्या म्हणून सांगणारा तूच होतास. ओसरीवर तुझ्याच तोंडाकडं बघून तुझा बाप माझ्याशी बोलला. येसर दुकानातलं आहे असं गावाला तूच सांगत होतास. तेव्हा मला पायलीभर पीठ नको आणि माफीही नको. मला नाव हवंय. कोण म्हणालं होतं? कुणीच म्हणालं नसेल तर पुढच्या सप्ताहात कर्णा तुझ्याच हातात असेल, त्याच्यावरून तेवढं गावाला सांग. आणि आमटी कुणाच्या येसराची होती, तेही सांग.

मी तुझी पंगत मोडली नाही, भगवान. सगळे जेवून उठले. सगळ्यांचे हात धुऊन वाळूनही वर्षं झाली. आता बोल.